चित्रकाराची रताळी

कागदावरचे फळ गोल भासावयाचे असेल, तर वरच्या अंगास उजेड व खालच्या अंगास छाया द्यावी, हा चित्रकलेचा पहिला धडा. हाच धडा उलटा वाचून एका चित्रकाराने प्राणिशास्त्राला मोठे सत्य दिले आणि त्याच सत्याच्या अतिरेकाने टीकाही ओढवून घेतली.

त्याचे नाव ॲबट थेअर (१८४९–१९२१). सशाची वा हरणाची पाठ गडद आणि पोट पांढुरके का, हा या अमेरिकन चित्रकाराचा प्रश्न. १८९६ साली त्याने उत्तर मांडले. सूर्यप्रकाश वरून पडतो. त्याने पाठ उजळते व पोट सावलीत काळवंडते. या उजेड-छायेवरूनच शिकारी जनावराचा डोळा भक्ष्याची गोलाई ओळखतो. पाठीचा गडद रंग तो उजेड झाकतो, पोटाचा पांढरा रंग ती छाया पुसतो. मग प्राणी समोर असूनही सपाट भासतो. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे त्याने पक्षिशास्त्रज्ञांपुढे रताळी मांडली. वर गडद व खाली फिकट रंगविलेली रताळी थोड्या अंतरावरून दिसेनाशी झाली. न रंगविलेले मात्र स्पष्ट दिसत राहिले.

येथेच तो थांबता तर! १९०९ साली पुत्र जेराल्डसह सिद्ध केलेल्या ग्रंथात, प्राण्यांचा झाडून सारा रंग लपण्यासाठीच असतो, गुलाबी रोहित पक्षीही संध्यारंगात मिसळून जातो, असे प्रतिपादन त्याने केले. पण सूर्यास्त घटकाभराचा; उरलेल्या दिवसाचे काय? जातिवंत शिकारी व माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९११ साली या मतावर कठोर टीका केली.

तरीही मूळ सत्य टिकले. २०१६ साली ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी चीनमध्ये सापडलेल्या सिटाकोसॉरस या डायनोसॉरच्या जीवाश्मातील रंगखुणा तपासल्या. उघड्या मैदानात ऊन थेट पडते. तेथे गडद-फिकट रंगांची सीमा अंगावर उंच व ठळक हवी. झाडीखाली उजेड विखुरतो; तेथे रंग पोटाकडे हळूहळू फिकट होत जावा. या प्राण्याचा रंग दुसऱ्या प्रकारचा होता. म्हणून तो दाट छायेच्या अरण्यात राहत असावा, असा निष्कर्ष निघाला.

रताळ्यांनी दाखविलेला नियम कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या अरण्याची साक्ष देतो, तो प्रत्येक ठिकाणचा उजेड वेगळा मोजला म्हणून. थेअर नेमके तेवढेच विसरला होता. आपल्याला गवसलेले सत्य कोठवर लागू पडते, हे पाहणे हाही सत्यशोधनाचाच भाग आहे.