महाकाव्ये आणि चित्रपट : काय ठेवावे, काय सोडावे?

वाचकहो, नागपूरला आलेला माणूस सीताबर्डीला गेल्यावाचून सहसा परतत नाही. काटोलचा असो, उमरेडचा असो की रामटेकचा असो. लग्नाचे कापड घ्यायचे, मुलांची पुस्तके घ्यायची, तर त्याची पावले बर्डीकडेच वळतात. त्या बर्डीच्या ऐन गर्दीत एक चौक आहे, व्हरायटी चौक. हे नाव पडले एका चित्रपटगृहावरून. जवळच्याच टेकडीवर 1817 सालच्या नोव्हेंबरात भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली. पण पत्ता सांगताना लोकांच्या तोंडी थेटराचे नाव येते, लढाईचे नाही. सिनेमाने आपल्या रोजच्या जगण्यात केवढी जागा घेतली आहे, पाहा!

तेव्हा आज या सिनेमाविषयी एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. हजारो वर्षांपूर्वी रचलेले महाकाव्य आजच्या माणसासाठी पडद्यावर आणायचे, तर त्यातले काय ठेवावे आणि काय सोडावे? ग्रीक लोकांची दोन महाकाव्ये प्रसिद्ध आहेत, होमरची ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’. दोहोंचे चोवीस-चोवीस सर्ग. इलियडच्या ओळी साडेपंधरा हजारांहून अधिक, ओडिसीच्या बारा हजारांच्या घरात. आपले रामायण चोवीस हजार श्लोकांचे, आणि महाभारत तर परंपरेने लाखाचे. एवढा पसारा अडीच-तीन तासांत बसवायचा कसा?

मंडळी, ही अडचण सिनेमावाल्यांनाच प्रथम आली असे समजू नका. कीर्तनकाराला ती रोजच येते. उत्तररंगाला उभा राहिलेला बुवा सगळे महाभारत सांगत नाही. तो एक आख्यान निवडतो, आणि निवडताना समोर बसलेल्या माणसांकडे बघतो. खुद्द महाभारतातच याचा दाखला आहे. द्यूतात सर्वस्व गमावून युधिष्ठिर वनात बसलेला. माझ्यासारखा दुःखी राजा दुसरा कोणी झाला असेल काय, असे तो विचारतो. तेव्हा बृहदश्व ऋषी त्याला नलाची कथा सांगतो, कारण नलही द्यूतातच राज्य हरलेला. ऐकणाऱ्याचे दुःख ओळखून कथा निवडायची, ही रीत इतकी जुनी आहे. तिकडे ग्रीसमध्येही गायक सभेत उभे राहून ही काव्ये गात. आणि अ‍ॅरिस्टॉटल या तत्त्ववेत्त्याने होमरची वाखाणणी केली ती याचसाठी, की त्याने सगळे ट्रॉयचे युद्ध न घेता त्याचा एक तुकडा घेतला. दहा वर्षांचे युद्ध; पण इलियडमध्ये येतात ते त्यातले थोडेसे आठवडेच.

आता आपल्या फाळक्यांकडे येऊ. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म 1870, त्र्यंबकेश्वरचा. 1910च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांच्या मनाने घेतले, की आपले राम-कृष्णही असे पडद्यावर आले पाहिजेत. 1912 साली ते विलायतेला जाऊन कॅमेरा घेऊन आले. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थेटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. चार रिळांचा, सारा मिळून पाऊण तासाच्या आतला खेळ! इतक्या वेळात राम-रावणाचे युद्ध आटोपत नाही, हे फाळक्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी कीर्तनकारासारखे एकच आख्यान उचलले, सर्वांना ठाऊक असलेले आणि एका पेचाभोवती फिरणारे.

तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा साळुंके नावाच्या एका आचाऱ्याला लुगडे नेसवून उभे केले. पुढे 1917 सालच्या ‘लंकादहना’त याच साळुंक्यांनी रामाचेही काम केले आणि सीतेचेही! गंमत अशी, की 1954 साली ओडिसीवर ‘युलिसिस’ हा चित्रपट निघाला, त्यात एकाच इटालियन नटीने नायकाच्या पत्नीचे आणि त्याला मोहात पाडणाऱ्या चेटकिणीचे, अशी दोन्ही कामे केली. फाळक्यांची ती अडचण होती, इथे ती युक्ती झाली.

फाळक्यांचे चित्रपट मुके होते. तरी लोक रामाच्या दर्शनाला पायांतल्या वहाणा काढून बसत, असे सांगतात. कारण उघड आहे. बोलणे पडद्यावर नव्हते, ते प्रेक्षकांच्या मनात होते. लहानपणापासून आजीच्या तोंडून, कीर्तनातून, दंडारीतून, झाडीपट्टीच्या नाटकातून जे कानांवर पडले, तेच त्या हलत्या चित्रांना पुरत होते. ज्याला कथा ठाऊक आहे त्याला सगळे सांगावे लागत नाही. ग्रीक काव्यावर आज चित्रपट काढणाऱ्याला मात्र ही सोय नाही. समोरच्या प्रेक्षकांपैकी पुष्कळांनी होमरचे नावच तेवढे ऐकलेले असते.

तर आता मूळ प्रश्नाकडे वळू. दोन प्रसंग शेजारी-शेजारी ठेवून पाहू या.

पहिला इलियडच्या शेवटचा. ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम. त्याचा थोरला, कर्ता मुलगा हेक्टर शत्रूच्या अकिलीसने मारला आहे आणि प्रेतही आपल्या तळावर ठेवून घेतले आहे. हा बाप रात्री शत्रूच्या तंबूत जातो, ज्या हातांनी मुलगा मारला त्याच हातांचे चुंबन घेतो, आणि खंडणी देऊन मुलाचे प्रेत मागतो. अकिलीसला आपला म्हातारा बाप आठवतो, आणि दोघे शत्रू एकत्र रडतात.

दुसरा प्रसंग आपल्या हरिश्चंद्राचा. शब्द पाळण्यासाठी राज्य गेले, बायको-मुलगा विकले गेले, आणि राजा स्मशानात राखण करतो आहे. तारामती मेलेल्या रोहिदासाला घेऊन येते. तिच्याजवळ दहनाचा कर द्यायला काही नाही, आणि धन्याचा कर घेतल्याशिवाय दहन करू देणे हरिश्चंद्राच्या धर्मात बसत नाही. तिकडे बाप मुलाच्या प्रेतासाठी मोल देतो, इकडे बापाला मुलाच्या प्रेताचे मोल मागावे लागते.

आता पाहा, 2004 साली ‘ट्रॉय’ नावाचा मोठा इंग्रजी चित्रपट आला. इलियडमध्ये देव पानोपानी युद्धात उतरतात. या चित्रपटात ते जवळजवळ नाहीतच, फक्त माणसांच्या तोंडी आहेत. दहा वर्षांचे युद्ध काही दिवसांवर आणले. मूळ काव्यात प्रायमला एक देव वाट दाखवीत नेतो. चित्रपटात म्हातारा आपला आपणच येतो. आणि तरीही तो प्रसंग उभा राहतो, माणसे डोळे पुसतात! का बरे? कारण देवाने वाट दाखवली असली तरी गुडघे टेकायचे होते ते प्रायमलाच. तो भार देवाने उचललेला नव्हता. म्हणून देव काढले तरी प्रसंग कोसळला नाही.

याच चित्रपटाने दुसरीकडे मात्र मूळ गाभ्यालाच हात घातला. ज्या मेनेलेअसची बायको हेलन हिच्यावरून सगळे युद्ध पेटले, त्याला हेक्टरकडून मारविले. होमरच्या काव्यात तो जिवंत राहतो आणि हेलनला घेऊन घरी सुखाने नांदतो. हजारो घरे बुडाली, आणि ज्यांच्यावरून बुडाली ते दोघे पुन्हा संसाराला लागले. केवढी टोचणी आहे यात! दुष्टाला शिक्षा झाली म्हणून प्रेक्षक खूश झाला खरा, पण ती टोचणी गेली. देव सोडण्यापेक्षा हे सोडणे अधिक महाग पडले, असे मला वाटते.

तुम्ही म्हणाल, फाळक्यांनी तर देवाला ठेवले. ठेवले खरे, पण कुठे ठेवले ते पाहा. पुढे तारामतीवर खुनाचा आळ येतो आणि तिचा शिरच्छेद नवऱ्यालाच करावा लागतो. तो तलवार उचलतो, आणि मग शंकर प्रकट होतात. मग, आधी नाही. तलवार उचलण्याआधी देव आले असते तर हरिश्चंद्राचे सत्त्व कुठे दिसले असते? देव दाखवा अथवा दाखवू नका; माणसाच्या वाट्याची किंमत माणसाने चुकती करण्याआधी त्याची सुटका करू नका, म्हणजे झाले. हेच आख्यान ‘प्रभात’ने 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात पुन्हा आणले. तेव्हा तारामतीच्या कामाला दुर्गाबाई खोटे होत्या आणि तिचा विलाप कानांनी ऐकू येत होता. एकोणीस वर्षांत यंत्र बदलले, नट बदलले. स्मशान होते तिथेच राहिले.

कधी कधी तर काही न बदलताही जुनी कथा नवी होते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ 1907 साली रंगभूमीवर आले. कथा विराटपर्वातली. पण प्रेक्षकांनी कीचकात कर्झनसाहेब पाहिला, आणि सरकारनेही तोच पाहिला. 1910 साली नाटकावर बंदी आली. त्याच आख्यानावर 1920 साली बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. सत्तेने माजलेला पुरुष, असहाय स्त्री, आणि ओळख लपवून गप्प बसावे लागणारे नवरे. हा पेच ज्या काळात जिवंत असेल, त्या काळाला ती कथा आपलीच वाटणार.

शिक्षकबंधू-भगिनींनो, मुले आज ही महाकाव्ये पुस्तकाआधी पडद्यावर पाहतात. 1987 नंतर दूरदर्शनवर ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ लागले, तेव्हा गावोगाव एकेका संचासमोर अख्खी आळी जमत असे. मुलांना ‘खरे पुस्तक वाचा’ असे नुसते सांगून भागत नाही. त्यांना दोन प्रश्न विचारायला शिकवा. यात कोणाला कशाची किंमत मोजावी लागली? आणि चित्रपटाने ती किंमत पुरती मोजू दिली, की मध्येच सूट दिली?

पाठ म्हणून आपल्याच विदर्भाची राजकन्या घ्या, दमयंती. रूप बदललेला नल बाहुक होऊन सारथी म्हणून येतो. ती दासीकडून त्याची परीक्षा घेते, त्याने रांधलेल्या अन्नाची चव घेते आणि नवरा ओळखते. ओडिसीतली पेनेलोपीही वीस वर्षांनी परतलेल्या नवऱ्याला अशीच पारखते. पलंग बाहेर हलवायला ती दासीला सांगते. आणि तो पलंग मुळे धरलेल्या झाडाच्या खोडावर बांधलेला असल्याने हलणारच नाही, हे एक नवराच जाणतो. दोन्ही गोष्टी वर्गात सांगा, आणि मुलांना विचारा : यातला एकच प्रसंग नाटुकलीत बसवायचा, तर कोणता घ्याल? तीन मिनिटांत काय सोडाल? मुले भांडतील. भांडू द्या. त्या भांडणातच त्यांना कळेल, की चव आणि पलंग सोडता येत नाहीत. कारण इतकी वर्षे वाट पाहिलेल्या बाईचा विश्वास कोणाच्या नुसत्या सांगण्यावर बसत नसतो.