समुद्र, नागपूर आणि हरवलेला पाइप

मंडळी, नागपूरकराने समुद्रावर लिहावं म्हणजे जरा अतीच झालं. आमची चौपाटी म्हणजे फुटाळा तलाव! पण सदरहून कोराडीकडे गाडी काढली की थोड्याच वेळात औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. वीज राज्यभर जाते, राख मात्र इथंच राहते. जुलै 2022 मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि ती राख शेतांत शिरली. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात होता: एवढा समुद्र असलेल्या देशाने त्यातून वीज काढून पाहिलीच नाही का?

पाहिली हो!

तिरुवनंतपुरमजवळ विळिंजम हे मच्छीमारांचं बंदर आहे. तिथे 1991 मध्ये आयआयटी मद्रासच्या लोकांनी लाटांवर चालणारं 150 किलोवॉटचं केंद्र सुरू केलं. युक्ती साधी. काँक्रीटची एक मोठी पोकळ पेटी, खालून समुद्राला उघडी. लाट शिरली की आतली हवा वर दाबली जाते, लाट ओसरली की परत ओढली जाते. त्या झोतावर टर्बाइन फिरतं. गंमत म्हणजे हवा कुठल्याही दिशेने जावो, ते फिरतं एकाच दिशेने! आज ते केंद्र बंद आहे आणि तसं मोठं दुसरं काही उभं राहिलं नाही.

दुसरा प्रयत्न चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचा. वरचं पाणी कोमट, खोलवरचं थंडगार. या फरकावर वीज करायची, म्हणून तुतिकोरिनजवळ 1 मेगावॉटचं तरंगतं केंद्र ठरलं. त्यासाठी सुमारे किलोमीटरभर लांबीचा पाइप खाली सोडावा लागतो. तो पाइप समुद्राने गिळला.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फ्रान्सच्या जॉर्ज क्लोदनेही क्युबात असेच पाइप गमावले होते, तेव्हा कुठे 1930 मध्ये त्याचे दिवे लागले. आपल्या लोकांनीही हार मानली नाही. फक्त ध्येय बदललं. 2005 मध्ये लक्षद्वीपच्या कवरत्तीला त्यांनी खोलातलं थंड पाणी वर आणलं, पण विजेसाठी नाही, पिण्यासाठी! कमी दाबाच्या टाकीत कोमट पाण्याची वाफ करायची, आणि थंड पाण्याने त्या वाफेचं पुन्हा पाणी करायचं. मीठ मागे राहतं. रोज एक लाख लिटर गोडं पाणी, आणि तेही बेटावर!

आता आमच्या धंद्यातली सवय म्हणून एक हिशेब केला. कोराडीच्या 660 मेगावॉटच्या एका संचाइतकी क्षमता हवी तर विळिंजमसारखी 4,400 केंद्रं लागतील. म्हणजे समुद्र आमची राख इतक्यात काही धुणार नाही, हे कबूल. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीवर 7,000 मेगावॉट होऊ शकतात, हा आकडा तर किती वर्षं ऐकतोय. अजून एकही दिवा त्यावर लागलेला नाही.

सॉफ्टवेअरमध्ये पहिली आवृत्ती कोसळतेच. तिच्यातून शिकून दुसरी काढली तर प्रॉडक्ट होतं, नाहीतर नुसतं प्रेझेंटेशन उरतं. विळिंजमला दुसरी आवृत्ती मिळाली नाही, हरवलेल्या पाइपाला मिळाली. समुद्रात ताकद किती, हे मोजून झालंय राजेहो. पाइप पुन्हा टाकायची तयारी किती, हे अजून मोजायचंय.

असो. चहा गार झाला.