मुकादमाचा वांटा

मजुराच्या श्रमाला दोन किंमती असतात. एक धन्याच्या तिजोरींतून निघते ती, आणि दुसरी मजुराच्या तळहातावर पडते ती. धनी आणि मजूर समोरासमोर उभे असले, म्हणजे या दोन किंमतींत अंतर पडण्याचें फारसें कारण नसतें. परंतु दोघांच्या मध्यें तिसरा माणूस येऊन उभा राहिला, कीं अंतर पडूं लागतें. त्या तिसऱ्या माणसाला कोणी मुकादम म्हटलें, कोणी जॉबर, कोणी टोळीवाला, तर कोणी ठेकेदार. आजच्या कचेऱ्यांच्या भाषेंत तो ‘मनुष्यबळ पुरविणारी एजन्सी’ या भारदस्त नांवानें वावरतो. नांव बदललें, पोशाख बदलला; परंतु मधल्या माणसाचा वांटा किती, आणि तो कोणाच्या पदरचा, हा प्रश्न दीडशें वर्षें तसाच उभा आहे. पुणें शहरानें या प्रश्नाला वेळोवेळीं जीं उत्तरें दिलीं, तीं नीट ध्यानांत येण्यासाठीं आरंभ मात्र मुंबईपासून करावा लागतो.

कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत सूतगिरणीची कंपनी स्थापन केली आणि पुढील कांहीं दशकांत गिरण्यांचीं धुराडीं भराभर उठलीं. त्यांना लागणारा मजूर रत्नागिरी, सातारा, पुणें अशा जिल्ह्यांतून येई. इंग्रज किंवा पारशी व्यवस्थापकाला या माणसांची ना भाषा ठाऊक, ना गांव. म्हणून माणसें आणण्याचें, कामावर लावण्याचें आणि कामावरून काढण्याचें सर्व काम जॉबराकडे सोंपविण्यांत आलें. स्त्रियांच्या खात्यांत तेंच काम नायकीण करी. जॉबराला गिरणीकडून पगार मिळे. पण त्याची खरी मिळकत ‘दस्तुरी’ची होती. नोकरी मिळतांना दस्तुरी, रजेवरून परत येतांना दस्तुरी, बदलीचें काम मिळावें म्हणून दस्तुरी. जॉबर हा निव्वळ लुटारू होता असें मात्र म्हणतां येणार नाहीं. परक्या शहरांत तोच खोली बघून देई, खानावळींत आणि वाण्याकडे तोच हमी राही, अडीअडचणीला उसने पैसेही तोच देई. मजूर त्याला शिव्या देई आणि त्याच्याच दारीं जाई. त्याच्या वांट्यांतला खरा दोष हा होता, कीं तो गिरणीच्या कोणत्याहि वहींत लिहिलेला नव्हता. मालकाच्या हिशेबीं मजुराला पूर्ण पगार मिळालेला असे. मजुराच्या हिशेबीं मात्र तो कधींच पूर्ण नसे.

पुण्याचा प्रपंच निराळा. येथें गिरण्यांची रांग नव्हती. येथें लष्कराची छावणी होती, १८५८ सालीं येऊन पोंचलेली आगगाडी होती, आणि खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालापासून होता. सर्वांत मोठा व्याप होता तो सरकारी बांधकामांचा. पूल, रस्ते, कालवे आणि खडकवासल्याचें धरण हीं सारीं कामें ठेक्यानें दिलीं जात. महात्मा जोतीराव फुले यांनीं स्वतः बांधकामाचे ठेके घेतले होते, आणि खडकवासल्याच्या कामाशीं त्यांचा त्या नात्यानें संबंध आला होता. मजूर, ठेकेदार आणि सरकारी अंमलदार यांच्यामध्यें पैसा कसा झिरपतो, हें त्यांनीं जवळून पाहिलें होतें. त्यांच्याच सत्यशोधक परंपरेंतून पुढें आलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली, हा केवळ योगायोग नव्हे.

मधल्या माणसाविरुद्ध सरकारी पातळीवरचा स्पष्ट अभिप्राय येण्यास मात्र १९३१ साल उजाडावें लागलें. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालीं १९२९ सालीं नेमलेल्या शाही मजूर आयोगानें आपल्या अहवालांत जॉबराची नेमणुकीची सत्ता काढून घेऊन ती मजूर अधिकाऱ्याकडे द्यावी, अशी शिफारस केली. १९३५ सालीं मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघानें बदली कामगारांना कार्डें देण्याची योजना सुरू केली. हेतु असा, कीं रोज सकाळीं दारावर उभा असणारा माणूस जॉबराच्या मर्जीवर नव्हे, तर कार्डाच्या आधारावर आंत जावा. १९४८ सालीं गोदी कामगारांसाठीं कायदा झाला आणि त्यानें एक नवी कल्पना आणली: मजुराचीहि नोंद, मालकाचीहि नोंद, आणि दोघांच्या मध्यें टोळीवाल्याच्या जागीं एक मंडळ.

याच सुमारास सातासमुद्रांपलीकडे मधला माणूस नवें रूप घेत होता. नोकरी मिळवून देण्याबद्दल गरजूंकडून पैसे उकळणाऱ्या दलाली कचेऱ्यांवर निर्बंध घालण्यासाठीं आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें १९३३ सालीं व पुनः १९४९ सालीं करार केले होते. परंतु १९४६ सालीं अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरांत रसेल केली यांनीं, आणि १९४८ सालीं मिलवॉकी शहरांत ‘मॅनपॉवर’ या कंपनीनें, जो धंदा आरंभिला त्याची मांडणीच वेगळी होती. टंकलेखिका त्यांची नोकर. काम मात्र ती दुसऱ्याच्या कचेरींत करणार. ज्याची कचेरी, तो तासाला एक दर एजन्सीला देणार आणि एजन्सी तिला दुसरा, कमी दर देणार. तिच्याकडून दमडीहि मागावयाची नाहीं. मिळकत सारी दोन दरांच्या फरकांत. दस्तुरी ही मजुराच्या हातांत आलेल्या पैशांतून काढली जात असे. हा नवा वांटा पैसा हातांत येण्यापूर्वींच निघूं लागला. १९९७ सालच्या करारानें आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनेंहि अशा खाजगी एजन्सींना मान्यता दिली. मात्र कामगाराकडून शुल्क घेऊं नये, हें सामान्य तत्त्व कायम ठेविलें.

पुण्याचें स्वतःचें उत्तर भवानी पेठ आणि नाना पेठ यांच्या भुसार बाजारांतून आलें. तेथील हमाल कोणा एकाचा नोकर नव्हता. सकाळीं एका आडत्याच्या गाळ्यावर, दुपारीं दुसऱ्याच्या. धान्य शेतकऱ्याचें, गाळा आडत्याचा, ट्रक तिसऱ्याचा आणि पाठ तेवढी हमालाची. त्यामुळें याचा मालक कोण, या प्रश्नावर सर्वजण एकमेकांकडे बोट दाखवीत. आणि ज्याला मालक नाहीं त्याला भविष्यनिर्वाह निधि नाहीं, रजा नाहीं, म्हातारपणाची तरतूद नाहीं. डॉ. बाबा आढाव यांनीं १९५५ च्या सुमारास हमाल पंचायत उभी केली, ती या पोकळींत. हमालीचे दर व्यापाऱ्यांशीं एकत्र बसून ठरवावे, ते सर्वांना ठाऊक असावे आणि हमालांनीं एकजुटीनें बोलावें, हा तिचा रोजचा व्यवहार झाला. १९७४ सालीं तिनें ‘कष्टाची भाकर’ हें उपाहारगृह सुरू केलें. मजुराच्या भाकरीवरहि कोणाचा अवास्तव नफा असूं नये, हा विचार त्यामागें होता.

मुंबईंत अण्णासाहेब पाटील यांनीं माथाडी कामगारांना संघटित केलें होतें. या चळवळींच्या रेट्यानें महाराष्ट्र विधिमंडळानें १९६९ सालीं माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा संमत केला. त्याची युक्ति साधी व मार्मिक आहे. हमालाचा मालक कोण, या वादांत न पडतां कायद्यानें मंडळ मध्यें उभें केलें. व्यापाऱ्यानें मजुरी मंडळाकडे भरावयाची, आणि तिच्यावर ठरलेल्या दरानें ‘लेव्ही’हि भरावयाची. मजुरी मंडळामार्फत कामगाराला मिळते. लेव्हींतून भविष्यनिर्वाह निधि, उपदान, बोनस, पगारी रजा यांची तरतूद होते आणि कांहीं भाग मंडळाच्या खर्चाला जातो. म्हणजे धनी देतो ती रक्कम आणि हातीं पडते ती रक्कम यांत फरक येथेंहि आहेच. तो लहानहि नाहीं. पण त्याचा दर जाहीर असतो, आणि त्यांतील मोठा भाग फिरून मजुराकडेच येतो. केरळानें १९७८ सालीं डोक्यावरून ओझें वाहणाऱ्यांसाठीं असाच कायदा केला. महाराष्ट्रांत १९८१ सालीं खाजगी सुरक्षारक्षकांसाठीं याच धर्तीचा कायदा होऊन मंडळें स्थापन झालीं.

कारखान्यांतील ठेका मजुरीसाठीं संसदेनें १९७० सालीं वेगळा मार्ग धरला. तिनें ठेकेदाराला हटविलें नाहीं. त्याला परवाना घ्यावयास लावलें. ठेकेदारानें वेतन बुडविलें तर मूळ मालकानें तें द्यावें, असें बंधन घातलें. आणि नियमांनीं, कायम कामगारासारखेंच काम असेल तर वेतनहि तसेंच द्यावें, असें सांगितलें. ठेका पद्धति बंद झाली तरी ठेका मजूर आपोआप मूळ मालकाचा नोकर होत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं दिला. २०२० च्या श्रमसंहितेनें या कायद्याची जागा घेतली. ती २१ नोव्हेंबर २०२५ रोजीं अमलांत आली, आणि वीस मजुरांची जुनी मर्यादा पन्नासावर गेली. पिंपरी, चिंचवड, चाकण येथील कारखान्यांत, हिंजवडीच्या कचेऱ्यांत, रुग्णालयांत आणि गृहसंस्थांच्या फाटकांवर आज एजन्सीचा माणूस सर्रास दिसतो. त्याच्या बिलाचा हिशेब एकदां तरी मांडून पाहण्यासारखा आहे.

उदाहरणादाखल महिन्याचें वेतन १५,००० रुपये धरूं. त्यावर मालकाच्या बाजूनें भविष्यनिर्वाह निधि व त्याचे अनुषंगिक आकार १३ टक्के, म्हणजे १,९५० रुपये. राज्य विमा ३.२५ टक्के, म्हणजे ४८७ रुपये ५० पैसे. बोनस व रजा यांसाठीं १,२५० रुपये आणि एजन्सीचें शुल्क १,३१२ रुपये ५० पैसे मानूं. बेरीज २०,००० होते. त्यावर १८ टक्के वस्तु व सेवा कर, म्हणजे ३,६०० रुपये. बिल २३,६०० चें. आतां कामगाराच्या बाजूनें पाहूं. त्याच्या १५,००० मधून निधीचे १२ टक्के आणि विम्याचे ०.७५ टक्के कापले जातात. व्यवसाय कर सोडून दिला तरी हातीं पडतात सुमारें १३,०८७ रुपये. मालक म्हणतो, “मी २३,६०० मोजले.” कामगार म्हणतो, “मला तेरा हजार मिळाले.” दोघेहि खरें बोलत आहेत. साडेदहा हजारांचें हें अंतर पाहून एजन्सीनें तें सारें गिळलें असा तर्क करणें मात्र चूक. या हिशेबांत तिचा वांटा तेराशेंच्या आसपास आहे, आणि निधीचा पैसा कामगाराच्याच नांवावर जमा होत आहे.

पण हें सर्व प्रामाणिक हिशेबाचें झालें. निविदा उघडतांना सर्वांत कमी शुल्क सांगणाऱ्याला काम मिळतें, आणि शुल्क जवळजवळ शून्य लिहिणारेहि पुढें येतात. शून्यावर धंदा चालत नाहीं. मग तो पैसा कोठून तरी निघतो: निधीचा भरणा थकवून, आठ तासांच्या वेतनांत बारा तास राबवून, बोनस दाबून ठेवून, किंवा बँकेंत जमा झालेल्या वेतनांतून कांहीं रक्कम रोखीनें परत मागून. ही शेवटची रीत म्हणजे जुनी दस्तुरीच होय. स्वस्त बिल पाहून समाधान मानणाऱ्या गृहसंस्थेच्या कार्यकारिणीनें हें अवश्य ध्यानांत घ्यावें. कारण त्या स्वस्ताईची किंमत रात्रीं त्यांच्याच फाटकावर जागणारा माणूस भरीत असतो.

पुण्यानें याच काळांत दुसरा एक प्रयोगहि केला आहे. १९९३ सालीं कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली आणि २००८ सालीं महानगरपालिकेशीं करार करून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था काम करूं लागली. तींत घरोघरचें मासिक शुल्क कचरा उचलणाऱ्या बाईच्याच हातीं पडावें, अशी योजना आहे. मधला ठेकेदार तेथें नाहीं.

या सर्व इतिहासावरून मधला माणूस अजिबात नसावा, असें सिद्ध होत नाहीं. गोदींत, भुसार बाजारांत, फाटकावर कोणीतरी मध्यें असावेंच लागलें. फरक पडला तो त्याच्या वहीमुळें. जॉबराची वही कोणीच पाहिली नाहीं. माथाडी मंडळाचा दर छापील असतो. आजच्या एजन्सीचें बिल मालकाच्या कपाटांत असतें आणि वेतनाची पावती कामगाराच्या खिशांत. हे दोन कागद शेजारीं शेजारीं ठेवण्याचा प्रसंग क्वचितच येतो. ज्यांच्या दारीं असा माणूस काम करतो, त्यांनीं पुढच्या महिन्याच्या बिलाबरोबर त्याच्या निधीच्या भरण्याची पावती मागितली, तर कायद्याला न साधलेलें बरेंच कांहीं साधण्यासारखें आहे.