उदकवाद्य आणि जलतरंग

चौदा विद्या आणि चौसष्ट कला हे शब्द मराठी माणसाच्या कानांवर गणपतीच्या वर्णनापासूनच पडत असतात. कलांची ती यादी मात्र क्वचितच कुणी वाचलेली असते. वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'तील यादीत 'उदकवाद्य' हा शब्द येतो आणि त्याचा अर्थ सर्रास 'जलतरंग' असा सांगितला जातो. एवढ्या एका शब्दाच्या आधारे चिनी मातीच्या वाडग्यांचे हे वाद्य दीड हजार वर्षांहून प्राचीन ठरते. हे समीकरण तपासून पाहावे, असे आम्हांस वाटते.

'कामसूत्रा'वरील 'जयमंगला' टीकेत यशोधर या शब्दाचा अर्थ स्पष्ट करतो. पाण्यावर मुरजासारखा, म्हणजे मृदंगासारखा आघात करून केलेले वादन ते उदकवाद्य. येथे वाडगेही नाहीत आणि काड्याही नाहीत. नदी हेच वाद्य आहे. कालिदासाची साक्षही याच बाजूची आहे. 'रघुवंशा'च्या सोळाव्या सर्गात कुशाच्या अंतःपुरातील स्त्रिया शरयूत जलक्रीडा करताना गाण्याच्या साथीला पाण्यावरच मृदंग वाजवतात आणि काठावरचे मोर पिसारा उभारून त्याला दाद देतात. वैनगंगेच्या किंवा वर्धेच्या पात्रात हाताचा पोकळ तळवा पाण्यावर आपटून ज्याने तो घुमारा काढला असेल, त्याला हा अर्थ निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

जलतरंगाचे तत्त्व वेगळे आहे. येथे आघात पाण्यावर नव्हे, भांड्याच्या काठावर होतो. कंप पावते ती भांड्याची भिंत. आतले पाणी त्या भिंतीवर भार घालते. म्हणून पाणी वाढवले की स्वर उतरतो आणि काढून घेतले की चढतो. लहानमोठे वाडगे अर्धवर्तुळात मांडून, थेंबाथेंबाने पाणी कमीजास्त करत स्वर जुळवले जातात. उदकवाद्यात पाणी हा नादाचा उगम आहे. जलतरंगात ते स्वर नेमका करण्याचे साधन आहे. संगीतशास्त्राच्या ग्रंथांत जलतरंगाचा निःसंदिग्ध उल्लेख येतो तो १७व्या शतकातील अहोबलाच्या 'संगीत पारिजाता'त. जयपूरच्या सवाई प्रतापसिंहाच्या 'संगीतसारा'त बावीस वाडग्यांचा संच पूर्ण, तर पंधरांचा मध्यम मानलेला आहे.

वाद्याचा इतिहास शब्दाइतकाच वस्तूतही वाचावा लागतो. 'चिनी माती' हे नावच ती वस्तू कोणत्या देशाशी जोडलेली आहे ते सांगते. साधे भाजलेले मातीचे भांडे सच्छिद्र असते; ते पाणी शोषते, पाझरवते आणि जुळवलेला स्वर टिकू देत नाही. चिनी माती अतिउच्च तापमानात भाजल्यामुळे काचेसारखी घट्ट होते. कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघामुळे कुंभारकामासाठी परिचित झालेल्या, आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीस गेलेल्या विद्यार्थ्याला भट्टीतल्या आचेचे महत्त्व सहज पटेल. काशाची भांडी आपल्याकडे फार पूर्वीपासून होती आणि तीही उत्तम वाजतात, हा आक्षेप रास्तच आहे. पण त्यातून केवळ शक्यता सिद्ध होते, अस्तित्व नव्हे.

वाद्य अर्वाचीन ठरल्याने त्याची प्रतिष्ठा उणावते काय? १७४६ साली ग्लुकने लंडनमध्ये पाण्याने स्वर जुळवलेल्या सव्वीस काचपात्रांवर वादन केले. १७६१च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिनने पाण्याची गरजच न उरणारे, फिरत्या काचवाट्यांचे वाद्य बनवले आणि १७९१मध्ये मोझार्टने त्यासाठी रचना केली. ही परंपरा तिच्या सनांसकट सांगितली जाते; त्याने तिचे काही बिघडलेले नाही. पुण्याचे मिलिंद तुळाणकर यांच्यासारखे वादक जलतरंगावर राग मांडतात, तेव्हाही त्या स्वरांना 'कामसूत्रा'च्या दाखल्याची गरज भासत नाही.

या समीकरणात खरी हानी होते ती उदकवाद्याची. ते 'जलतरंग' ठरले की नदीवर तळव्यांनी ताल धरणाऱ्या स्त्रियांची एक स्वतंत्र कला आपल्या वाचनातून पुसली जाते. कलांच्या यादीतला एक शब्द वाचताना टीकाकाराला विचारावे, काव्याला विचारावे, मग वस्तूला विचारावे. प्राचीनतेचा अभिमान त्यानंतर उरला तर उरो. उरला नाही, तरी दोन कला आपल्या हाती राहतात.