सोलारिस
पोलिश साहित्यिक स्तानिस्लाव लेम (१९२१–२००६) यांची १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेली विज्ञानकादंबरी. सोलारिस ग्रह व्यापून राहिलेल्या सचेतन महासागराच्या संशोधनार्थ उभारलेल्या स्थानकावर दाखल झालेला एकाकी मानसशास्त्रज्ञ क्रिस केल्व्हिन झोपेतून जागा होतो, तेव्हा त्याच्याशी झालेल्या कलहानंतर आत्महत्या केलेली प्रेयसी हारेय समोर बसलेली असते. हे स्वप्नच, अशी तो प्रथम आपली समजूत घालतो, परंतु तिच्या पोशाखाच्या गुंड्या केवळ शोभेच्या असून तो कापल्यावाचून उतरत नाही, हे उमगताच भ्रम सरतो. निद्रिस्त मनाच्या दफ्तरातून महासागराने ही आकृती घडविलेली असते. केल्व्हिन स्थानकाच्या ग्रंथालयात महासागरावरील ग्रंथ चाळतो ती मधली प्रकरणे रेंगाळतात खरी, तथापि मानवी ज्ञानाच्या मर्यादेचे कादंबरीतील खरे चिंतन तेथेच आहे. आंद्रेई तारकोव्हस्कीकृत चित्रपट (१९७२) लेमना रुचला नाही. १९७० चा इंग्रजी अनुवाद मूळ पोलिशवरून नव्हे, फ्रेंचवरून झाला.