वाळवंटातली वाट

आज एका गाण्यापासून सुरुवात करू आणि तिथून अडीच हजार वर्षं मागे जाऊ.

गाणं आहे ‘वे मेकर’, म्हणजे वाट काढणारा. नायजेरियाच्या गायिका सिनाच यांचं हे गाणं 2015च्या डिसेंबरात आलं. 2020च्या टाळेबंदीत चर्चची दारं बंद झाली, तेव्हा ते घराघरांत आणि रुग्णालयांच्या आवारातही गायलं गेलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या डव्ह पुरस्कारांत ते वर्षाचं सर्वोत्तम गीत ठरलं. शब्द मोजकेच. देवाला एकेक नाव द्यायचं आणि ते पुन्हा पुन्हा घ्यायचं, आपल्या नामस्मरणासारखं.

त्यातलं पहिलंच नाव आपल्याला यशयाच्या पुस्तकात, 43व्या अध्यायात घेऊन जातं. इ.स.पू. 586मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सरानं यरुशलेम जिंकलं, मंदिर जाळलं, लोकांना बंदी करून नेलं. त्या काळी युद्ध हरणं म्हणजे आपला देव हरणं. म्हणजे प्रश्न फक्त घराचा नव्हता. आपला देव उरलाय का, हाच होता. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे अध्याय त्याच बंदिवासात रचले गेले.

आता गंमत पाहा. संदेष्टा आधी समुद्रातून वाट काढल्याची आठवण देतो, मिसरचे रथ-घोडे कसे बुडाले ते सांगतो. आणि लगेच म्हणतो, ते जुनं विसरा! आता वाळवंटात वाट होणार आहे. दोन्हीकडे हिब्रू शब्द एकच, ‘देरेख’. मला हा अध्यायातला सगळ्यात धाडसी भाग वाटतो. ज्या आठवणीवर अख्खं राष्ट्र उभं, तीच बाजूला ठेवायला सांगणं सोपं नाही.

वाळवंट ही नुसती उपमाही नव्हती. बाबेल आणि यरुशलेम यांच्यामध्ये खरोखरचं वाळवंट होतं. सरळ जाणं जवळपास अशक्य, म्हणून तांडे फरात नदीच्या कडेनं वर जाऊन वळसा घेत. सुमारे दीड हजार किलोमीटर. तेव्हा कोरड्या रानात रस्ता आणि पाणी या दोन गोष्टींचा अर्थ ऐकणाऱ्याला समजावून सांगावा लागत नव्हता. मराठीत आपण ‘वाट पाहणं’ म्हणतो ना, त्यातले दोन्ही अर्थ इथे लागू पडतात.

इ.स.पू. 539मध्ये पारसाच्या कोरेशानं बाबेल घेतलं आणि परतीची वाट खुली झाली. यशयाचं पुस्तक या परक्या राजाला चक्क देवाचा अभिषिक्त म्हणतं. पण सगळे परतले नाहीत. पुष्कळांचं बस्तान तिथेच बसलं होतं.

जे आले त्यांनी मंदिराचा पाया घातला. एज्राच्या पुस्तकात तो प्रसंग आहे: तरुण जल्लोष करत होते, आणि जुनं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्यानं रडत होते. दुरून ऐकणाऱ्याला त्यातला आनंद कुठला आणि रडणं कुठलं, हे ओळखता येत नव्हतं.