बोस्टन टेरियर : स्वभाव व संगोपन

बोस्टन टेरियर : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बोस्टन शहरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मनुष्याने हेतुपुरस्सर सिद्ध केलेली, आखूड नाकाची, लहान बांध्याची व माणसांच्या सान्निध्यावाचून न करमणारी श्वानजाती. नावात टेरियर हा शब्द असला, तरी बिळात शिरून शिकार करणाऱ्या टेरियर वर्गात अमेरिकन केनेल क्लब तिची गणना करीत नाही. घरगुती सोबतीचा कुत्रा हीच तिची खरी ओळख होय.

सुमारे १८७० मध्ये रॉबर्ट हूपर नावाच्या बोस्टनच्या गृहस्थाने ‘जज’ नावाचा एक कुत्रा विकत घेतला. तो बुलडॉग आणि आता नामशेष झालेला पांढरा इंग्लिश टेरियर यांच्या संकरातून जन्मला होता, व या जातीची वंशावळ त्याच्यापाशी जाऊन पोहोचते. १८९१ मध्ये तिच्या चाहत्यांचा क्लब स्थापन झाला, १८९३ मध्ये अमेरिकन केनेल क्लबाने तिची दफ्तरी नोंद केली आणि १९७९ मध्ये मॅसॅच्यूसेट्सने तिला आपला राज्यश्वान ठरविले. ज्या पूर्वजांना झुंजीसाठी वाढविले गेले, त्यांच्याच वंशात काही पिढ्यांच्या निवडीने इतके सौम्य जनावर निपजावे, ही गोष्ट श्वानसंवर्धनाच्या इतिहासात मोठ्या कौतुकाची आहे.

वजन फार तर ११ किलो, केस आखूड व तुळतुळीत, रंग काळा, काळपट तपकिरी किंवा वाघासारखा पट्टेरी, आणि छातीवर व दोन डोळ्यांमध्ये पांढरा पट्टा. यामुळे काळा कोट घातलेल्या सभ्य गृहस्थाची आठवण होऊन ‘अमेरिकन सद्गृहस्थ’ हे टोपणनाव त्याला मिळाले. कान ताठ, शेपूट जन्मतःच तोकडे.

स्वभावाविषयी सांगावयाचे तर हा कुत्रा राखणदार नव्हे, सोबती आहे. दारावर कोणी आले तर तो भुंकून वर्दी देतो. पण घरच्या माणसाने पाहुण्याला आत घेतले की तोच पाहुण्याच्या पायाशी जाऊन बसतो. विनाकारण भुंकण्याची खोड त्याला सहसा नसते, व भिंतीला भिंत लागून असलेल्या चाळींत आणि सोसायट्यांत हा गुण लहान नव्हे. मुलांशी तो मनापासून खेळतो. मात्र त्याचे मोठे, पुढे आलेले डोळे मुलाच्या बोटाने किंवा नखाने सहज दुखावतात, म्हणून पाच-सहा वर्षांखालील मूल आणि हा कुत्रा यांना वडीलधाऱ्यांच्या देखरेखीवाचून एकत्र सोडू नये. आवाज चढवून रागावलेले त्याला मुळीच सोसत नाही. शाबासकी व खाऊचा एखादा तुकडा यांवर तो जे शिकतो, ते दरडावणीने कधीच शिकत नाही. आणि एकटेपण त्याला मानवत नाही. घर दिवसभर कुलूपबंद राहिल्यास तो चपला कुरतडतो, दार खरवडतो, कधी आपलेच पाय चाटून चाटून जखमा करून घेतो. त्याला खोडसाळपणा म्हणणे अन्यायाचे आहे, कारण सोबतीसाठीच ज्याला घडविले त्याची सोबत आपण काढून घेतलेली असते.

मुंबईजवळ, मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर कल्याणच्या पुढचे पहिलेच स्थानक असलेल्या विठ्ठलवाडीत, किंवा पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरपर्यंतच्या वस्तीत, हा कुत्रा पाळावयाचा झाल्यास विचार हवामानापासूनच आरंभला पाहिजे. समुद्राचा वारा मुंबईपेक्षा येथे उशिरा व क्षीण होऊन पोहोचतो, चैत्र-वैशाखात पारा कित्येकदा ४० अंशांपलीकडे जातो, आणि हवेतील दमटपणा मात्र कोकणचाच राहतो. कुत्र्याला पंजांखेरीज अंगाला घाम येत नाही. जीभ व नाकातील ओलसर पडदे यांवरून होणाऱ्या बाष्पीभवनानेच त्याचे रक्त थंड होते. बोस्टन टेरियरचे नाक मनुष्याने आवडीखातर आखूड केले, पण आतील मांसल भाग त्या मानाने कमी झाला नाही. नाकपुड्या अरुंद, टाळूचा मऊ भाग लांब, अशा कोंडलेल्या वाटेने त्याला सारी उष्णता बाहेर टाकावी लागते, आणि दमट हवेत ते बाष्पीभवनही मंदावते. येथे त्याला होणाऱ्या त्रासाचे मूळ कारण हेच होय.

भर दुपारी पंख्याखालच्या शाहाबादी फरशीवर पोट टेकून आणि मागचे पाय बेडकासारखे पसरून तो पडलेला असतो, तेव्हा जीभ सपाट व धाप एकसारखी असेल तर चिंता नको. परंतु जिभेचे टोक पळीसारखे रुंद होऊ लागले, ओठांचे कोपरे मागे ताणले गेले, घशातून खरखर उमटू लागली आणि लाळ चिकट झाली, म्हणजे उष्माघाताची ती पूर्वसूचना समजावी. अशा वेळी बर्फ शोधण्यात वेळ न दवडता साधे पाणी सर्वांगावर ओतावे, पंखा लावावा आणि पशुवैद्याकडे न्यावे. कुत्र्याचे स्वाभाविक तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०६ च्या घरात गेल्यास अवयवांना कायमची इजा पोहोचू शकते. फिरावयास नेणे सूर्योदयापूर्वी किंवा रात्री जेवणे आटोपल्यावरच योग्य. गळपट्ट्याऐवजी छातीवरून बांधावयाचा पट्टा वापरावा, म्हणजे श्वासनलिकेवर ताण येत नाही.

डोळे रोज उजेडात पाहावेत. एक डोळा मिचकावणे, पाणी गळणे किंवा बुबुळावर निळसर झाक दिसणे ही व्रणाची चिन्हे होत. अशा डोळ्यांत घरातील माणसांचे उरलेले थेंब घालणे दृष्टीस घातक ठरू शकते. चेहऱ्याच्या वळ्या ओल्या फडक्याने पुसून कोरड्या कराव्यात.

पावसाळ्यात वालधुनी नदीच्या काठची सखल वस्ती जलमय होते, हे २६ जुलै २००५ च्या महापुराने सर्वांच्या स्मरणात कोरले आहे. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याला व माणसालाही होतो, म्हणून रेबीजच्या लसीबरोबर या रोगाची लसही चुकवू नये. गोचिडांपासून येणारे ताप या भागात नित्याचे आहेत. कानांच्या आत व बोटांच्या बेचक्यांत आठवड्यातून दोनदा तरी हात फिरवून पाहावा.

आहाराविषयी एवढेच, की कांदा, मनुका व चॉकलेट हे त्याला विषासमान आहेत. आजीच्या ताटातील कांद्याच्या फोडणीचा भात प्रेमाने भरविला, तरी बाधतोच. लठ्ठपणा येऊ देऊ नये, कारण वाढलेला प्रत्येक किलो त्याच्या श्वासावरच पडतो.

मोठ्या डोक्यामुळे व अरुंद कटीमुळे या जातीच्या मादीची प्रसूती बहुधा शस्त्रक्रियेनेच करावी लागते. घरच्या घरी पिल्ले काढण्याचा मोह म्हणूनच टाळावा. पिल्लू घेताना लसीकरणाचा दाखला तपासावा, त्याच्या आईला प्रत्यक्ष पाहावे आणि खोलीभर धावल्यावर तिचा श्वास किती वेळात पूर्ववत होतो, याकडे लक्ष द्यावे. पशुवैद्यकीय उपचारांसाठी, स्थानिक डॉक्टरांच्या पलीकडे गरज पडल्यास, १८८६ मध्ये स्थापन झालेले परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय याच मध्य रेल्वेच्या मार्गावर आहे.

महाराष्ट्रात बोस्टन टेरियर विरळाच आढळतो. परंतु त्याच्याच धाटणीचा पग हा कुत्रा २००३ मध्ये हच या दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत झळकल्यापासून घरोघर आला, आणि कोकणच्या उन्हाळ्यात धापा टाकणाऱ्या या जनावरांचे हाल पशुवैद्यांना पाहावे लागले. तोच प्रकार दुसऱ्या जातीच्या नशिबी येऊ नये. ज्या घरी आजी-आजोबा किंवा दुसरे कोणी दिवसभर असते व वैशाखात थंड खोलीची तजवीज होऊ शकते, तेथे हा कुत्रा बारा-तेरा वर्षे निर्मळ जिव्हाळ्याने राहील. सकाळच्या लोकलने सारेच बाहेर पडून रात्री परतणाऱ्या कुटुंबाने मात्र तो घेऊ नये. आणि सोबत हवीच असेल व तिच्यासाठी वेळ काढता येत असेल, तर लांब नाकाचे, या हवेतच वाढलेले गल्लीतील देशी पिल्लू लसी टोचून घरात घ्यावे.